दम्याचा पंप, पोटॅशियम आणि हृदयाचे ठोके

घरात दम्याचा रुग्ण असला की उशाशी पंप असतोच. रात्री धाप लागली की दोन फवारे, बरे वाटले नाही तर पुन्हा दोन, तरीही नाही तर दवाखान्यात नेब्युलायझर. दम बसतो, पण हात थरथरतात, छातीत धडधडते. घरचे म्हणतात, "औषध गरम पडले." हे गरम पडणे म्हणजे काय, ते या वेळी पाहू.

आपण घाबरलो की शरीरात ॲड्रेनॅलिन तयार होते. तात्काळ आराम देणाऱ्या पंपातील सालब्युटामॉल त्याच्याच जातीचे औषध आहे. ते श्वासनलिका सैल करते. पण जास्त मात्रेत हृदयाची गतीही वाढवते आणि रक्तातील पोटॅशियम पेशींच्या आत ढकलते. शरीरातील सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींतच असते. रक्तात ते लिटरमागे साधारण 3.5 ते 5 मिलिमोल एवढेच, आणि हृदयाचे ठोके नियमित राहण्यासाठी हे प्रमाण टिकावे लागते. ते फार उतरले तर स्नायू दुबळे होतात, पायात गोळे येतात आणि ठोके चुकू लागतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांत पोटॅशियम धोकादायक वाढले, तर डॉक्टर ते उतरवण्यासाठी याच गुणाचा उपयोग करून सालब्युटामॉल देतात.

एरवीच्या दोन फवाऱ्यांनी निरोगी हृदयाला सहसा धोका नसतो. धोका वाढतो तो अनेक गोष्टी एकत्र आल्यावर: वारंवार नेब्युलायझर, सोबत स्टिरॉइड किंवा थिओफिलिन, रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या, जुलाब-उलट्या, आधीचा हृदयविकार आणि त्यात दम्यामुळे कमी झालेला प्राणवायू.

न्यूझीलंडमध्ये 1976 साली फेनोटेरॉल नावाचा याच वर्गातील जोरकस पंप आला. त्यानंतर तिथे दम्याने होणारे मृत्यू झपाट्याने वाढले. 1989 साली संशोधकांनी या औषधाशी त्यांचा संबंध दाखवला. वापरावर निर्बंध आले आणि मृत्यू कमी झाले.

मग पंप बंद करायचा का? मुळीच नाही. दम लागलेला असताना तो न घेणे जास्त घातक. मात्र आराम देणारा पंप सूज कमी करत नाही, आणि दम्याचे मूळ सुजेत आहे. म्हणूनच दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेने, 'जीना'ने, 2019 पासून केवळ अशा पंपावर भागवू नये असे सांगितले आहे. सोबत श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड हवे. वर्षाला 200 फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक पंप संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही असे समजावे.

वाचक भगिनी-बंधूंना आमचे सांगणे एवढेच. डॉक्टरांकडे जाताना दादी-दादांच्या साऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. धडधड थांबत नसेल, चक्कर येत असेल किंवा फवाऱ्यांचा असर टिकत नसेल, तर थेट रुग्णालय गाठावे. तिथे ईसीजी व पोटॅशियमची तपासणी होते. पोटॅशियमचे औषध मात्र मनाने घेऊ नये. मूत्रपिंड दुबळे असेल तर ते वाढून हृदय बंद पडू शकते.