नेलपॉलिशखालचे नख

नेलपॉलिश म्हटली की लाल, गुलाबी आणि फार तर मरून, असा एक काळ होता. लग्नसराई सुरू झाली की बांगड्यांच्या दुकानात याच तीन बाटल्या कपाटात पुढे यायच्या. हल्ली मुलींच्या बोटांवर निराळेच रंग दिसतात. हात सरळ धरला तर जांभळा, जरा कलता केला तर हिरवा, आणि उन्हात नेला तर इंद्रधनुष्याचे सगळे रंग! याला होलोग्राफिक नेलपॉलिश म्हणतात. मोठ्या कंपन्यांखेरीज एकट्या-दुकट्याने थोड्या थोड्या बाटल्या तयार करणारे छोटे उत्पादकही हा माल करतात आणि तो घरपोच येतो.

यात जादू काही नाही. कॉम्पॅक्ट डिस्क उन्हात धरली की तिच्यावरच्या अतिशय बारीक रेषा प्रकाशातले रंग वेगळे करतात. तशाच रेषा असलेले बारीक चमकते कण या पॉलिशमध्ये घातलेले असतात. जांभळ्याचा हिरवा होणे हा प्रकार पावसाच्या डबक्यावरच्या तेलाच्या तवंगासारखा. तसे रंग पालटण्याचे अप्रूप आपल्या जिल्ह्याला नवे नाही. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झालेले आपण पाहिलेच. ते काम मात्र सूक्ष्मजीवांचे होते.

भाचीने मागवलेली अशी एक बाटली मी तीन नखांवर लावून पाहिली. खरे सांगायचे तर रंग फार देखणा. अंगणातल्या उन्हात बोटे हलवत बसावेसे वाटते. घरात ट्यूबलाइटखाली मात्र तोच रंग राखाडी दिसतो. खरी परीक्षा काढताना झाली. साधी पॉलिश रिमूव्हरच्या बोळ्याने दोनदा पुसली की जाते. हिचे कण नखाला चिकटून बसतात. ओला बोळा नखावर चार-पाच मिनिटे दाबून धरावा लागतो. एवढा धीर नसला की मुली ब्लेडने किंवा दुसऱ्या नखाने खरवडतात. रंगाबरोबर नखाचे वरचे पापुद्रेही निघतात आणि मग नख ठिसूळ झाले म्हणून तक्रार येते.

त्या बाटलीवर रंगाचे नाव मोठे झोकदार होते. बनवणाऱ्याचा पत्ता, बॅच क्रमांक, मुदत, घटकांची यादी यांपैकी काहीच नव्हते. माझा आक्षेप आहे तो इथे. घरबसल्या उद्योग करणाऱ्यांचे कौतुकच आहे. पण बचत गटाच्या लोणच्याच्या बरणीवर आपण अन्न परवान्याचा क्रमांक पाहतो, मग रोज जेवताना तोंडाजवळ जाणाऱ्या बोटांवरच्या रंगाला वेगळा न्याय का? १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने बनवायला परवाना लागतो. २०२० च्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता आणि मुदत लेबलावर छापावी लागते. रंगद्रव्यातल्या शिशाला आणि आर्सेनिकलाही मर्यादा आहे.   संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

घटक का पाहायचे? टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट या तीन रसायनांबद्दल जगभर आक्षेप घेतले गेले आणि अनेक उत्पादकांनी ती वगळली. आपल्या बाटलीत ती आहेत की नाहीत, हे यादीवाचून कळणार कसे? काहींना पॉलिशमधल्या राळेची ॲलर्जी असते. गंमत अशी की बोटे ठीक राहतात आणि खाज सुटते पापणीला किंवा मानेला, कारण तोच हात दिवसभर तिथे फिरतो. बाई डोळ्यांत थेंब घालत राहते आणि कारण बोटांवर चमकत असते! नेलपॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही भडकन पेट घेतात, तेव्हा चुलीजवळ किंवा गॅसजवळ बसून हे काम करू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रंगाखाली नख दिसत नाही. डॉक्टर हात हातात घेतात ते उगाच नव्हे. रक्त कमी असले की नखे फिकट पडतात, लोह फारच कमी झाले की चमच्यासारखी खोलगट होतात. मोठ्या आजारानंतर नखावर आडवी खाच उमटते. बो या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ मध्ये तिचे वर्णन केले. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणून खाच किती पुढे सरकली यावरून आजार कधी झाला याचा अंदाज बांधता येतो. ऑपरेशनपूर्वी रंग काढायला सांगतात तेही त्यासाठीच. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडाही गडद पॉलिशमुळे चुकू शकतो.

आपल्या जिल्ह्यात तर हे निराळे सांगायला नको. २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या भागात शेकडो लोकांचे केस अचानक गळाले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्याच परिसरातून नखे विद्रूप होऊन गळत असल्याच्या बातम्या आल्या. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. सेलेनियम शरीराला अगदी थोडे लागते, आणि ते फार झाले की केस व नखे यांवरच पहिला घाला पडतो.

टक्कल टोपीखाली किंवा पदराखाली झाकले तरी घरच्यांना दिसते. नखाचे तसे नाही. लग्नाच्या वयाची मुलगी पांढरे पडलेले, चिरलेले नख चमकदार रंगाखाली सहज दडवू शकते आणि लोकलाजेपायी दडवतेही. आईने अशा वेळी रागावू नये. महिन्यातून आठवडाभर नखे उघडी ठेवायची एवढे घरात ठरवावे, आणि नखाचा रंग, जाडी किंवा आकार बदललेला दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. नखातले सेलेनियम तपासता येते, पण त्या तपासणीसाठी नख रंग न लावलेले द्यावे. गळालेले हाताचे नख मुळापासून पूर्ण यायला साधारण सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचे वर्ष-दीड वर्ष. तोवर त्यावर कुठलाच रंग नको, इंद्रधनुषी तर नकोच.