वॉचमन झोपला कसा?

ऑफिसच्या गेटवरचा वॉचमन आठवा. कार्ड बघतो, फोटो बघतो, मगच आत सोडतो. आपल्या रक्तातही असे वॉचमन फिरत असतात. त्यांचं नाव टी-सेल्स. पेशीत काही गडबड दिसली की तिचा निकाल लावायचा, हे त्यांचं काम. मग कॅन्सरची गाठ त्यांच्या डोळ्यांदेखत वाढते कशी?

उत्तर भन्नाट आहे. टी-सेलच्या अंगावर पीडी-वन नावाचं प्रोटीन असतं. हा त्याचा ब्रेक. तो हवाच, नाहीतर टी-सेल्स आपल्याच शरीरावर तुटून पडतील. कॅन्सरच्या अनेक पेशी नेमका हाच ब्रेक दाबतात. त्यांच्या अंगावरचं पीडी-एल-वन या पीडी-वनला जाऊन चिकटतं. लगेच टी-सेलच्या आत शिप-टू हे एन्झाइम कामाला लागतं आणि 'हल्ला करा' हा निरोप नेणाऱ्या प्रोटीन्सवरचे फॉस्फेट काढून टाकतं. निरोप वाटेतच गुल! कहर म्हणजे, टी-सेल हल्ला करताना इंटरफेरॉन-गॅमा सोडतो. त्याची चाहूल लागली की गाठ आणखी पीडी-एल-वन बाहेर काढते.

पीडी-वनचा शोध १९९२ मध्ये क्योटोच्या तासुकु होन्जो यांच्या लॅबमध्ये लागला. अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांनी सीटीएलए-फोर हा दुसरा ब्रेक सोडवून दाखवला. २०१८ चं नोबेल दोघांना मिळालं. मेंदूपर्यंत पोचलेल्या मेलॅनोमावर जिमी कार्टर यांनी २०१५ मध्ये रेडिएशनबरोबर असंच ब्रेक सोडवणारं औषध घेतलं. तेव्हा ते नव्वदीत होते. शंभरी पूर्ण करून २०२४ मध्ये ते गेले.

पण थांबा. ही औषधं सगळ्यांना लागू पडत नाहीत. ब्रेक सुटला की कधी कधी आतडी आणि थायरॉइडही मार खातात. शिवाय किंमत! इथेच आपल्या परळच्या टाटा मेमोरियलने कमाल केली. डोकं-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये त्यांनी स्वस्त गोळ्यांच्या केमोला निवोलुमॅबची जोड दिली, तीही नेहमीच्या डोसच्या दहा टक्क्यांहून कमी. २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आले. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं होतं.

या कॅन्सरचं आपल्याकडचं मोठं कारण तंबाखूच. तेव्हा मीटिंगनंतर टपरीवर पुडी फाडण्याआधी एवढं आठवा. आणि तोंडातला फोड तीन आठवड्यांत भरला नाही, तर डेडलाइन बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. तुमचा वॉचमन अजून जागा आहे, तोवरच!