मोटारसायकल कुणाच्या डोळ्यात खुपते?



एस.टी.च्या प्रवासात, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत एक वाक्य आम्ही हजार वेळा ऐकले आहे. "कसले गरीब हो हे शेतकरी! दारात मोटारसायकल, खिशात मोबाईल, आणि वरून कर्जमाफी पाहिजे!" बोलणारा माणूस वाईट नसतो. बहुतेक वेळा तो आपल्यातल्याच कुणाचा तरी नातू नाहीतर जावई असतो. आजाने गाव सोडले, बापाने जमीन विकली आणि याने फ्लॅट घेतला, एवढेच. ज्वारीची भाकरी आता तो हॉटेलात बसून चवीने खातो आणि ती पिकवणारा पायी चालताना दिसला तर त्याला बरे वाटते. आपण मात्र हे वाक्य ऐकून खाली मान घालतो. तलाठी पंचनाम्याला येणार म्हटले की गाडी शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन लावणारे आम्हाला माहीत आहेत. खोटे कशाला बोलायचे, आम्हीही एकदा लावली आहे.

म्हणून या अंकात दुसरे काही नाही. फक्त या गाडीचा हिशेब.

आमच्यातल्याच एकाची गाडी घ्या. कोरडवाहू सहा एकर. चार एकर पऱ्हाटी, उरलेल्यात तूर आणि थोडी ज्वारी. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, सीट फाटलेली, तिला पोत्याचे कव्हर. श्रावणातला एक दिवस पाहा. सकाळी हँडलला दुधाची कॅन लावून डेअरी. तिथून घरी, मग मागे फवारणीचा पंप, पुढे टाकीवर पाण्याच्या दोन कॅन, कारण वावरात विहीर नाही आणि नाल्याला पाणी नाही. येताना बैलासाठी गवताचा भारा. दुपारी तालुक्याला, कारण बँकेत अंगठा उमटत नाही म्हणून तिसऱ्यांदा बोलावले आहे. संध्याकाळी शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या, फोन केलेली गाडी येईना, तर हीच मोटारसायकल आरोग्य केंद्रापर्यंत, मध्ये सून आणि मागे सासू. रात्री जेवून जागलीला, कारण रोह्यांचा कळप शिरला की एका रात्रीत अर्धा एकर साफ. रोही हाकलायला आपल्याकडे काय असते? गाडीचा हेडलाईट आणि हॉर्न.

आता सांगा, ही गाडी चैन आहे की अवजार? वखर चैन आहे का? तिफण चैन आहे का?

कुणी म्हणेल, तुमच्या बापजाद्यांनी बंडीवर संसार केला, तुम्हाला काय झाले? बंडीला बैल लागतात, साहेब. बरी जोडी घ्यायला गेले तर मोटारसायकलपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. बैल काम असो नसो रोज खातो, गाडी उभी असताना पेट्रोल पीत नाही. ज्वारीला भाव मिळेना म्हणून ज्वारी गेली, ज्वारीबरोबर कडबा गेला आणि कडब्याबरोबर दावणीची जनावरे गेली. त्यात २०१५ साली राज्यात बैल कापण्यावर बंदीचा कायदा लागू झाला आणि थकलेल्या बैलाचा बाजार बसला. आधी म्हातारी जोडी विकून, त्यात भर घालून तरणी जोडी यायची. आता म्हाताऱ्याला गिऱ्हाईक नाही, त्याला मरेपर्यंत पोसायचे. हा सगळा हिशेब घालून शेतकरी मोटारसायकलकडे वळला. शहाणपणाने वळला. पण शहरातला माणूस बैलजोडी पाहिली की फोटो काढतो आणि मोटारसायकल पाहिली की भाषण देतो.

हे भाषण देणाऱ्याच्या घरची गोष्टही सांगायला हवी, कारण ती तो विसरला आहे. त्याच्या बापाने स्कूटरसाठी नंबर लावला होता. सरकार ठरवील तेवढ्याच स्कूटरी कारखान्यात निघायच्या. पैसे भरून लोक वर्षानुवर्षे वाट पाहायचे, काहींनी तर दहा-दहा वर्षे. नंबर लागला की गाडी दुसऱ्याला जास्त पैशाने विकणारेही होते. मोटार म्हणाल तर ॲम्बॅसडर नाहीतर फियाट. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढे हलक्या जपानी बनावटीच्या मोटारसायकली आल्या आणि जुलै १९९१ नंतर परवान्यांचा फास सुटत गेला. मग कारखाने एकमेकांच्या उरावर बसून गाड्या काढू लागले. तेव्हा कुणी विचारले नाही की कारकुनाला मोटार कशाला पाहिजे? त्याच्या हातात पैसा आला, बाजारात माल आला, त्याने घेतली. चांगले झाले. आम्हाला त्याचा हेवा नाही.

पण त्याच काळात आपले काय चालले होते? १९७२ पासून या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी. कापूस आपला, पेरणी आपली, वेचणी आपल्या बायकांची, आणि विकायचा फक्त सरकारला. भाव सरकार सांगेल तो, पैसे सरकार देईल तेव्हा. पलीकडच्या राज्यात चार पैसे जास्त मिळतात म्हणून बंडी भरून निघालात की नाक्यावर पकडले जाणार, चोराचा माल पकडावा तसे. आजच्या पोरांना हे सांगितले तर खरे वाटत नाही. हे पार २००२ च्या आसपासपर्यंत चालले. म्हणजे शहरातल्या माणसाला कोणती गाडी घ्यावी हे ठरवायची मोकळीक मिळून दहा वर्षे झाली, तरी आपल्याला स्वतःचा कापूस कुणाला विकावा हे ठरवता येत नव्हते. ज्याच्या पायातली बेडी आधी निघाली, तोच मागच्याला म्हणतो, तू हळू का चालतोस!

हे नुसते पंगतीतले बोलणे असते तर सोडून दिले असते. पण पंगतीतले मत सरकारच्या कागदावर जाऊन बसते आणि मग ते गरिबाचे छप्पर काढते. २०१६ मध्ये केंद्राची ग्रामीण घरकुल योजना आली. कुणाला घर द्यायचे नाही याची तेरा कलमांची यादी तिच्यासोबत होती. त्यात काय होते? मोटारसायकल असेल तर बाद. घरात फ्रीज असेल तर बाद. तारेचा फोन असेल तर बाद. भिंत मातीची असो, पावसात रात्रभर भांडी मांडून बसावे लागो, दारात दोन चाके दिसली की माणूस श्रीमंत. आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, सरकारला उपरती झाली आणि मोटारसायकल, फ्रीज, फोन ही कलमे काढली. त्या आठ वर्षांत ज्यांची नावे कटली त्यांची माफी कुणी मागितली नाही.

आणि यादीतले एक कलम त्या वेळीही काढले नाही, ते तर वाचून हसावे की रडावे कळत नाही. ज्याच्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा पन्नास हजार किंवा त्याहून जास्त, तो बाद. म्हणजे ज्याला जास्त कर्ज, तो श्रीमंत! कापसाच्या पेऱ्यावर पन्नास हजारांचे पीककर्ज व्हायला किती एकर लागतात हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

गंमत पुढेच आहे. त्याच २०२४ साली राज्यात लाडकी बहीण योजना आली. तिच्या नियमात घरात चारचाकी असेल तर बाई बाद, पण ट्रॅक्टर असेल तर चालतो. म्हणजे ट्रॅक्टर हे अवजार आहे एवढे सरकारला कळते. मग घरकुलाच्या यादीत तोच ट्रॅक्टर श्रीमंतीची खूण कशी? वस्तू तीच, घर तेच, फक्त कागद बदलला. मतांचा हंगाम असला की अवजार, नसला की चैन.

आता कराकडे वळू. शहरात सध्या विजेच्या मोटारींचे वारे आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवर जीएसटी ५ टक्के. ती दहा लाखांची असो की पन्नास लाखांची. आणि आपल्या पोत्याच्या सीटवाल्या मोटारसायकलवर, नवी घ्यायला गेलात तर, २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के! त्या दिवसापासून १८ झाला. ट्रॅक्टरवर १२ होता, त्याचा त्या दिवशी ५ झाला. शहराची हवा स्वच्छ व्हावी, आमची काहीच हरकत नाही. पण पन्नास लाखांच्या गाडीला सवलत आणि पाऊण लाखाच्या गाडीला दंड, आणि उपदेश पुन्हा पाऊण लाखवाल्यालाच, हा कुठला न्याय? कुणी म्हणते, तुम्हीही विजेची घ्या. घेऊ. आधी गावातली जळालेली डीपी आठ दिवसांच्या आत बदलून द्या.

परदेशी मोटारीवर या देशाने वर्षानुवर्षे शंभर टक्क्यांच्या आसपास जकात ठेवली. का? तर इथल्या मोटार कारखान्यांना झळ लागू नये म्हणून. कापसावर किती होती? ११ टक्के, तीही २०२१ पासून. ती १९ ऑगस्ट २०२५ ला काढली. आधी म्हणाले सप्टेंबरअखेरपर्यंत, मग म्हणाले ३१ डिसेंबरपर्यंत. बोंडे फुटायला लागण्याच्या तोंडावर काढली आणि वेचणीचा मुख्य हंगाम संपेपर्यंत काढूनच ठेवली. आम्ही जकातीच्या भिंतीआड लपून बसणारे लोक नाही. उद्या सगळ्यांच्याच भिंती पाडा, आम्ही पहिली कुदळ मारू. पण मोटारवाल्याला छत्री आणि कापूसवाल्याला उघडे आभाळ, असे करून वर आम्हालाच स्पर्धा शिकवू नका. २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल, म्हणजे किलोला ७७ रुपये. संकरित ज्वारीचा ३,६९९, म्हणजे किलोला ३७. एक लिटर पेट्रोलला जवळजवळ तीन किलो ज्वारी. तीही हमीभाव मिळाला तर.

नव्या तंत्रज्ञानाबद्दल शहरी माणसाचे मत असे आहे : आपल्यासाठी ती प्रगती, शेतकऱ्यासाठी तो धोका. फोन दर दोन वर्षांनी नवा पाहिजे, बियाणे मात्र आजोबांच्या वेळचे. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारे, मान्यता नसलेले कापूस बियाणे उघडपणे पेरले. त्या वेळच्या पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. तरीही पेरले, कारण निंदणाला मजूर नाही आणि मजुरी परवडत नाही. ते बियाणे चांगले की वाईट, यावर आपल्यातही दोन मते आहेत आणि असावीत. चोरीच्या पाकिटात काय भरले आहे ते कुणालाच माहीत नसते आणि बुडाले तर दाद कुणाकडे मागणार? पण म्हणूनच तर आमचे म्हणणे आहे, तपासा, हो किंवा नाही सांगा, कारणे सांगा. वर्षानुवर्षे फाईल दाबून ठेवायची आणि बांधावर धाड घालायची, याला विज्ञान म्हणत नाहीत.

आता थोडे आपल्या घरात पाहू. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढताना स्वतःचे मुसळ झाकून चालणार नाही.

नवे म्हणजे सगळे चांगले, असे समजून आपण मार खाल्ला आहे. बीटी कापूस २००२ मध्ये आला, बोंडअळी थांबली, फवारण्या कमी झाल्या. आपण निर्धास्त झालो. कडेने साधी पऱ्हाटी लावा म्हणून वेगळे पाकीट दिले होते, ते किती जणांनी लावले? आम्ही तरी नाही लावले. २०१७ ला गुलाबी अळीने बोंडे आतून पोखरली तेव्हा आठवण झाली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. उंच वाढलेली पऱ्हाटी, तोंडाला रुमाल, अंगात बनियन, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. दुकानदाराने सांगितले ते घेतले, पाकिटावरचे वाचले नाही, वाचता येईल अशा अक्षरात ते लिहिलेलेही नव्हते. सरकारचा दोष मोठा, कंपन्यांचा मोठा, पण मेला तो आपला माणूस.

दुसरे, हुंड्यातली गाडी. मोटारसायकल अवजार आहे असे आम्ही वर ठासून सांगितले. मग सासऱ्याच्या छातीवर बसून वखर मागतो का कुणी? मुलीच्या बापाने दहा क्विंटल कापूस विकून जावयाला गाडी द्यायची आणि जावयाने ती पानटपरीसमोर उभी करायची, त्या गाडीचा हिशेब आम्ही कुणापुढे मांडू शकत नाही. चार एकराला हप्त्यावर नवा ट्रॅक्टर घेणाऱ्यालाही हेच सांगणे आहे. भाड्याने नांगरून घे, बाबा. फायनान्सवाला ट्रॅक्टर ओढून नेतो तेव्हा अख्खा गाव बघायला जमतो.

आणि तिसरे सर्वांत जड. गाडी आली, मोबाईल आला, पण कुणासाठी आला? घरातला बाप्या गाडीवर वावरात जातो, बाई डोक्यावर डबा घेऊन मागून पायी येते. निंदण अजून खुरप्यानेच, वाकून. कापूस अजून बोटांनीच वेचायचा, नखाशी बोंडाचे काटे टोचून घेत. मोटारी आपोआप थांबायला आणि वळायला शिकल्या, पण कोरडवाहू शेतात बाईच्या हाताला विश्रांती देईल असे वेचणीचे परवडणारे यंत्र अजून गावात आलेले नाही. ज्या वस्तूची शहराला गरज, तिच्यावर हजार डोकी राबतात. बाईच्या कमरेला गिऱ्हाईक नाही. आणि गिऱ्हाईक आपणही नाही झालो, हे कबूल करा. गाडीसाठी कर्ज काढताना हात थरथरला नाही, तिच्यासाठी साधे चांगले खुरपे घेताना घासाघीस केली.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येकाने एका महिन्याचा हिशेब वहीवर लिहून आणावा. गाडीवर काय काय वाहिले, किती फेऱ्या झाल्या, पेट्रोल किती लागले आणि त्यात चैनीच्या फेऱ्या किती. चैनीच्याही लिहा, लपवू नका. मायबहिणींनी वेगळे पान करावे : किती कोस पायी, डोक्यावर काय, किती तास वाकून. ही पाने एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची आहेत, घरकुलाच्या यादीतून आठ वर्षांत गाडीपायी नाव कटलेल्यांच्या अर्जांसोबत. ज्यांचे नाव कटले त्यांनी नकाराचा कागद असेल तर आणावा, नसेल तर ग्रामसेवकाकडून लिहून घ्यावे.

गाड्या मंडपाच्या मागे लावू नका. रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा लावा.