दोष कोणाचा?

पनवेलहून पुण्यास जातांना आमच्या नातवाची मोटारसायकल खोपोलीपुढें शिंग्रोबाच्या चढावर रेंगाळली. इंजिन गर्जे, चाक मात्र मंद! मागें अवजड वाहनें, प्रसंग बाका. क्लचप्लेटा नुकत्याच, पण अन्य बनावटीच्या बसविलेल्या. त्याच फेकावयास तो निघाला. आम्हीं विचारिलें, “बाळ, केबल पाहिलीस काय?” नव्या प्लेटांनंतर ती पुन्हां जुळवावी लागते. दांड्याच्या बुडाशीं 2-3 मिलिमीटर ढील हवी, ती नव्हतीच. म्हणून क्लच सदैव अर्धवट सुटलेला राही. शिवाय तेल मोटारगाडीचें! अशा कित्येक तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनीं तेलांत बुडालेल्या प्लेटा घसरतात. डब्यावर ‘जासो एमए’ ही जपानी मानकाची खूण पाहावी. दोन्ही सुधारलीं, घसरण थांबली. कारण शोधल्यावांचून दोष देणें, हाच प्रमाद!