मशीन भारी, पण दुरुस्त कोण करणार?

‘मेडिकल फेअर इंडिया’ बघायला मी खंडाळ्याहून पहाटेची एसटी धरून मुंबई गाठली होती. वैद्यकीय यंत्रांचं हे प्रदर्शन एक वर्ष मुंबईत भरतं, एक वर्ष दिल्लीत. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला दर नोव्हेंबरात भरणाऱ्या ‘मेडिका’चं हे धाकटं भावंड. खरं सांगते, पहिला तासभर मी जत्रेत आल्यासारखी नुसती फिरत होते. हातात मावेल एवढं सोनोग्राफीचं यंत्र, मोबाइलवर उमटणारा ईसीजी! फुकटच्या पिशव्या गोळा करणारेही होतेच. (दोन मीही आणल्या.)

मग एका स्टॉलवर व्हेंटिलेटर दाखवणाऱ्या दादांना विचारलं, “हे आमच्या खंडाळ्यात बंद पडलं तर?” ते म्हणाले, “पुण्याहून इंजिनिअर येतो, मॅडम.” किती दिवसांत? यावर त्यांनी व्हिजिटिंग कार्ड दिलं.

तुम्हाला हा प्रश्न फालतू वाटतोय? मे २०२१ आठवा. पीएम केअर्समधून औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला १५० व्हेंटिलेटर मिळाले. त्यातले वापरात आणलेले ११३ सदोष निघाल्याचं उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे सांगितलं गेलं. दोष यंत्राचा की चालवणाऱ्याचा, यावरच वाद रंगला. पेशंटचं काय, हे कोण विचारणार?

आणि हे काही लांबचं नाही. खंबाटकीच्या बोगद्यापुढचं एस वळण आपण सगळेच जीव मुठीत धरून पार करतो. राज्यात २०१४ मध्ये १०८ ची सेवा सुरू झाली, ती ९३७ गाड्यांची. त्यातल्या २३३ गाड्या व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटरवाल्या. तिथे रात्री दोनला अपघात झाला, तर ते यंत्र त्याच क्षणी चालू व्हायला हवं. सावित्रीबाई आपल्याच तालुक्यातल्या नायगावच्या. १८९७ च्या प्लेगात त्यांनी रुग्ण पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात नेला. आज गाडी आहे, यंत्र आहे. अडतं ते देखभालीवर.

सरकारला हे कळत नाही असं नाही. सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांच्या देखभालीसाठी २०१५ मध्ये केंद्राने कार्यक्रम आणला. त्यात यंत्रं चालू राहण्याचं प्रमाण ठरवलं: जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०. म्हणजे गावात पाच दिवसांतला एक दिवस यंत्र बंद असलं तरी नियमात बसतं! गाव लांब, म्हणून सवलत जास्त. माझ्या मते हे उलटं हवं. जिथून दुसरा दवाखाना लांब, तिथलं यंत्र आधी दुरुस्त व्हावं.

इंजिनिअरिंग, डिप्लोमा, आयटीआय करणाऱ्यांनो, इथे काम आहे. शिरवळच्या कंपन्यांत नंबर लागायची वाट बघताय ना, मग बायोमेडिकलकडेही एकदा बघा. प्रदर्शन परत मुंबईत आलं की आधी नावनोंदणी करून जा, आणि स्टॉलवर किंमत विचारण्याआधी सुटा भाग कुठे मिळतो ते विचारा.

त्या कार्डावरच्या नंबरवर मी घरी आल्यावर फोन केला. पलीकडून पिनकोड विचारला आणि “कळवतो” म्हणाले.