विश्लेषण : स्कॉटलंडमध्ये चर्चच्या इमारती विक्रीला का?

चर्च ऑफ स्कॉटलंड हे स्कॉटलंडचे राष्ट्रीय प्रेस्बिटेरियन चर्च. तरीही जर्मनीप्रमाणे तेथे चर्च कर नाही. मग कारभार चालतो कशावर?

पैसा कुठून येतो?
मुख्यतः सदस्यांच्या देणग्यांतून. प्रत्येक स्थानिक मंडळी आपल्या उत्पन्नानुसार केंद्रीय निधीत वाटा देते. गुंतवणूक आणि मृत्युपत्राद्वारे मिळणाऱ्या देणग्यांचीही भर पडते.

जातो कुठे?
सर्वाधिक पाळकांच्या मानधनावर. ते राष्ट्रीय श्रेणीनुसार ठरते. त्यामुळे एडिनबर्गच्या सधन वस्तीतील देणगीच्या आधारे ग्लासगोच्या गरीब वस्तीतही पाळक नेमता येतो. इमारतींच्या डागडुजीचा भार मात्र बहुतांशी स्थानिक मंडळीवरच असतो.

पेच काय?
१९५०च्या दशकात सुमारे १३ लाख सदस्य होते; आता ते अडीच लाखांच्या आसपास आहेत. देणारे घटले, पण जुन्या इमारतींचा खर्च घटला नाही. म्हणून मंडळ्यांचे विलीनीकरण आणि इमारतींची विक्री सुरू आहे. विक्रीतून रक्कम एकदाच येते आणि दुरुस्तीचा खर्च टळतो. पण गावातले चर्च बंद झाल्यावर तिथला देणगीदार शेजारच्या गावातील चर्चला जाईलच असे नाही. तो तुटला, तर गरीब वस्तीतील पाळकाला पोसणारा सामायिक निधीही आटतो.