वाणसामानाच्या यादीत पुड्यांचाही हिशेब धरा



शाळा सुरू झाल्या आहेत. मधल्या सुट्टीचा डबा आणि संध्याकाळी पाचची भूक, दोन्ही परत आली आहेत. आमचं मागणं एकच आहे. येत्या महिन्याचं वाणसामान भरताना पाच-दहा रुपयांच्या कुरकुरीत पुड्यांवर आणि बिस्किटांवर किती पैसे जातात ते एकदा कागदावर मांडा, आणि त्यातले निम्मे तरी शेंगदाणे, फुटाणे, पोहे, नाचणी यांच्याकडे वळवा.

हे पैसे आपल्या यादीत कधी येतच नाहीत, कारण ते सुट्ट्यातून जातात. घरात दोन मुलं, रोज दहाची एकेक पुडी, म्हणजे महिन्याला ६०० रुपये. भाव थोडे वरखाली झाले तरी एवढ्या पैशांत साधारण दोन किलो शेंगदाणे आणि एकेक किलो फुटाणे, पोहे, गूळ येतो. पुडीवर वजन छापलेलं असतं, तेही वाचा. दहा रुपयांत २५ ग्रॅम माल असेल तर तो आपल्याला ४०० रुपये किलोने पडला. शेजारीच घटकांची यादी असते. ज्याचं वजन सर्वांत जास्त त्याचं नाव आधी, असा नियम आहे. बहुतेक स्वस्त बिस्किटांवर पहिलं नाव मैद्याचं असतं आणि साखर, पाम तेल त्याच्या मागोमाग येतात. याउलट १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि तेवढ्याच नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम.

पण करायला वेळ कुठे आहे? हा प्रश्न खरा आहे आणि तो आम्ही बाजूला सारणार नाही. आपल्यातल्या कित्येक जणी सकाळी सहाला घर सोडतात आणि अंधार पडल्यावर परततात. मुलाच्या हातात पुडी देणारी आई निष्काळजी नाही, ती दमलेली आहे. म्हणून रोज नवा पदार्थ करा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी दोन तास काढा, आणि त्या दोन तासांत घरातल्या पुरुषांनीही कढईपाशी उभं राहावं. भाजायला आणि परतायला आईचाच हात लागतो असं नाही.

सुरुवात पातळ पोह्यांच्या चिवड्यापासून करा. अर्धा किलो पोहे चाळून मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजून घ्या, तळू नका. फोडणीला चार-पाच मोठे चमचे तेल पुरतं. त्यात आधी शेंगदाणे, मग मिरची आणि कढीपत्ता चांगला कडक होऊ द्या. ओलावा राहिला की चिवडा दोन दिवसांत सादळतो. नंतर डाळं, हळद, मीठ, चिमूटभर पिठीसाखर. शंभर-सव्वाशे रुपयांत मोठा डबा भरतो आणि पूर्ण गार झाल्यावर झाकण घट्ट लावलं तर आठवडाभर छान टिकतो.

थालीपिठाची भाजणी महिन्यातून एकदाच करायची असते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने, सगळं वेगवेगळं भाजा. एकत्र भाजलं तर एक करपतं आणि दुसरं कच्चं राहतं. गिरणीतून दळून आणलं की संध्याकाळी कांदा घालून दहा मिनिटांत थालीपीठ तव्यावर पडतं. उरलेल्या पोळ्यांना फोडणी द्या, किंवा गूळ-तूप घालून लाडू वळा, त्याला तर वेगळा खर्चही नाही.

मोड आलेल्या मटकीची उसळ देताना वर लिंबू जरूर पिळा. लिंबामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणासोबतचा चहा मात्र नेमकं उलटं करतो, म्हणून मुलांचं चहा-बिस्किट आधी थांबवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के बालकं रक्तक्षय झालेली आढळली. ही मुलं आपल्या घरांसारख्याच घरांतली आहेत.

काही गोष्टी जपा. घरचं म्हणजे आपोआप चांगलं, असं नाही. गूळही शेवटी साखरच आहे, तेव्हा लाडू एकच द्या. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना कूट द्या. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर शिक्षकांना विचारूनच डबा भरा.

दुकानदार बंधूंनो, तुम्हाला वेगळी विनंती आहे. मुलांच्या डोळ्यांसमोर पुड्यांच्या माळा लटकतात. त्यांच्या जोडीला फुटाणे, शेंगदाणा चिक्की, राजगिऱ्याचे लाडू बरणीत समोर ठेवा, पाच रुपयांत मिळतील असे. मुलं आपणहून मागतील.

या रविवारी सकाळी नऊ वाजता समाजमंदिरात भाजणी आणि चिवडा एकत्र करणार आहोत. दहा घरांनी मिळून घाऊक बाजारातून शेंगदाणे आणि ज्वारी आणली तर किलोमागे पैसे वाचतात, त्यासाठी नावं शुक्रवारपर्यंत द्या. वर्गणी ज्याला जमेल तेवढी, आणि ज्याला जमणार नाही त्याने नुसतं यावं. येताना कढई, उलथनं, झाकणाचा डबा आणि मुलांना घेऊन या. पोहे चाळायचं काम त्यांचं.

आपले,
वस्तीतील पालक